'बॅक डाऊन' : माघारीचे एक क्रियापद आणि महाडचा डिसेंबर

आपल्या शाळेत इतिहासाच्या शिक्षकाकडे इंग्रजीचा तास येणे ही नवलाची गोष्ट नाही. निवासी शाळेत शिक्षक मोजके आणि तास पुष्कळ, हे माजी विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. इंग्रजीच्या बाई दीर्घ रजेवर गेल्या त्या वर्षी नववीचा वर्ग काही महिने माझ्याकडे होता. २० मार्चच्या निमित्ताने मी मुलांना महाडच्या सत्याग्रहावर इंग्रजीतून दहा-बारा ओळी लिहावयास सांगितल्या. एका मुलीच्या वहीत शेवटून दुसरे वाक्य असे होते : 'इन डिसेंबर १९२७ डॉ. आंबेडकर बॅक्ड डाऊन ॲट महाड.'

लाल शाईचे पेन हातात तसेच राहिले. वाक्यात कर्ता होता, क्रियापद होते, भूतकाळाचे रूप बरोबर होते, स्पेलिंगमध्येही खोट नव्हती. व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्याला हात लावण्याजोगे काही नव्हते, आणि तरीही ते वाक्य तसेच जाऊ देणे मला शक्य नव्हते. चूक इंग्रजीची होती की इतिहासाची, हे मला त्या क्षणी ठरवता येईना. मी समासात एक प्रश्नचिन्ह काढले आणि वही परत केली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी उभी. "सर, पुस्तकात 'सत्याग्रह तहकूब केला' असे आहे. तहकूब करणे म्हणजे माघार घेणेच ना? आणि डिक्शनरीत 'बॅक डाऊन'चा अर्थ 'माघार घेणे' असाच दिला आहे. मग प्रश्नचिन्ह कशाला?"

प्रश्न चोख होता. मी शाळेच्या ग्रंथालयातला इंग्रजी-मराठी शब्दकोश मागवला आणि वर्गासमोरच उघडला. 'बॅक डाऊन' : माघार घेणे. 'फॉल बॅक' : माघार घेणे. 'पुल बॅक' : माघार घेणे. 'विथड्रॉ' : माघार घेणे, परत घेणे. 'रिट्रीट' : माघार. पाच इंग्रजी शब्दांना मराठीचे एकच उत्तर. मुलीची चूक नव्हती. ज्या दारातून ती इंग्रजीत शिरली ते दारच एक होते, आणि आतल्या खोल्या पाच. त्या दिवशीचा तास संपला, पण विषय पुढे आठवडाभर चालला. त्या आठवड्यात फळ्यावर जे काही मांडले, ते या लेखात थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी आपल्याच शब्दाकडे पाहू. 'माघारी' या शब्दाचा साधा अर्थ 'मागे, परत' एवढाच. गावाकडे आजही 'बाजारातून माघारी आला' असे म्हणतात. त्यात ना जय असतो ना पराजय. 'माझ्या माघारी' म्हणजे माझ्या पश्चात, मी नसताना. निवडणुकीच्या काळात वर्तमानपत्रांत 'माघारीचा अखेरचा दिवस' असा मथळा येतो. त्या दिवशी ज्याने अर्ज मागे घेतला तो भ्याला असे कोणी मानत नाही (निदान उघडपणे म्हणत नाही). परंतु 'सपशेल माघार' म्हटले की चित्र पालटते. म्हणजे लाज ही 'माघार' या शब्दात नाही, ती त्याला चिकटणाऱ्या विशेषणात आणि प्रसंगात आहे. मराठी या बाबतीत गरीबही नाही. नमते घेणे, पड खाणे, कच खाणे, शेपूट घालणे, काढता पाय घेणे, अंग काढून घेणे, शब्द फिरवणे, आवरते घेणे : मागे जाण्याच्या या प्रत्येक तऱ्हेला आपल्या आज्या-पणज्यांनी वेगळे नाव दिलेले आहे. शब्दकोश करणाऱ्यांनी मात्र वेळ वाचवला.

आता इंग्रजीतील 'बॅक' हा शब्द. त्याचा मूळ अर्थ 'पाठ'. गंमत अशी की इंग्रजी माणसाची पाठ आणि मराठी माणसाची पाठ भाषेत जवळजवळ सारखीच वागते. आपण कोणाची पाठराखण करतो, कोणाच्या पाठीशी उभे राहतो, कोणाला पाठबळ देतो. इंग्रज त्यालाच 'टू बॅक समवन' किंवा 'बॅक अप' म्हणतात. आणि आपण रणातून पाठ दाखवतो, कर्तव्याकडे पाठ फिरवतो. इंग्रजाचे 'बॅक आउट', 'बॅक अवे', 'बॅक डाऊन' हे त्याच कुळातले. एकच अवयव आधारही देतो आणि पळही काढतो. म्हणूनच 'बॅक' या क्रियापदाला मागून येणारा छोटा शब्द कोणता, याकडे बारकाईने पाहावे लागते. 'बॅक अप' आणि 'बॅक डाऊन' यांच्यात फरक एका इवल्या शब्दाचा, आणि अर्थ परस्परविरुद्ध.

'बॅक डाऊन' या प्रयोगामागील चित्र शिडीचे आहे असे मानतात. माणूस शिडी चढून वर गेला आहे. वरून त्याने काही घोषणा केली, मागणी केली किंवा धमकी दिली. समोरचा प्रतिपक्ष हटत नाही असे पाहून तो तोंड त्याच्याकडेच ठेवून, पाठीकडून एकेक पायरी खाली उतरू लागतो. याच अर्थाचा दुसरा प्रयोग 'क्लाइम्ब डाऊन' असा आहे, त्यातही शिडी स्पष्ट दिसते. या चित्रातून त्या क्रियापदाच्या सगळ्या अटी निघतात. पहिली म्हणजे तुम्ही आधी वर चढलेले असले पाहिजे, एखादी भूमिका जाहीरपणे घेतलेली असली पाहिजे. ज्याने काही दावा केलाच नाही तो 'बॅक डाऊन' करू शकत नाही. दुसरे असे की समोर कोणीतरी विरोधक हवा. पाऊस आला म्हणून सहल रद्द केली तर ते 'बॅक डाऊन' नव्हे. आणि मुख्य अट ही की खाली उतरल्यावर तो दावा सुटला पाहिजे. दावा कायम राहिला आणि केवळ वेळ बदलली, तर शिडीवरून उतरला असे म्हणता येणार नाही. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द 'नमते घेणे'. थोडे कठोरपणे म्हणायचे तर 'पड खाणे'.

व्याकरणाचे दोन शब्द सांगून पुढे जातो. हे क्रियापद अकर्मक आहे. 'ही बॅक्ड डाऊन हिज डिमांड' असे लिहिता येत नाही, 'बॅक्ड डाऊन फ्रॉम हिज डिमांड' असे लिहावे लागते. विषय सांगायचा असेल तर 'ऑन' किंवा 'ओव्हर' चालते. कर्ता बहुधा माणूस, पक्ष, सरकार, संघटना. लिहिताना 'बॅक्ड' असले तरी उच्चार 'बॅक्ट' असा होतो, हे आमच्या मुलांना शंभरदा सांगूनही बदलत नाही.

उदाहरण आपल्या परिसरातलेच घेऊ. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी जासई आणि न्हावा-शेवा परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. दि. बा. पाटील त्यांचे नेते होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. 'द फार्मर्स डिड नॉट बॅक डाऊन', हे वाक्य येथे काटेकोरपणे बरोबर आहे : मागणी जाहीर होती, समोर बंदुका होत्या, आणि मागणी सुटली नाही. 'साडेबारा टक्के' हे शब्द आज नवी मुंबईत सर्वतोमुखी आहेत, ते या मागणीचेच फळ. आपल्यापैकी अनेकांची घरे ज्या भूखंडांवर उभी आहेत, त्यांच्यामागे हे नकारार्थी वाक्य आहे.

'बॅक डाऊन'ची भावंडेही ओळखून घ्यावीत. दिलेल्या शब्दातून, ठरलेल्या करारातून अंग काढून घेणे ते 'बॅक आउट'. लग्न ठरवून मोडणारा, जामीन राहतो म्हणून ऐन वेळी न येणारा. त्याला विरोधक असण्याची गरज नाही, त्याचा स्वतःचाच पाय डळमळतो. अंगावर धावून जाणाऱ्याने थोडे मागे सरणे, पिच्छा सोडणे हे 'बॅक ऑफ'. शब्द फिरवणे, वचनाला न जागणे हे 'गो बॅक ऑन'. सैन्य एक रेषा सोडून मागच्या, अधिक भक्कम रेषेवर जाऊन उभे राहते ते 'फॉल बॅक'. त्यात लढाई संपत नाही, तिची जागा बदलते. आवेग आवरणे, हात रोखणे हे 'होल्ड बॅक'. पुढे ढकलणे हे 'पुट ऑफ' आणि ठरलेला कार्यक्रम रद्द करणे हे 'कॉल ऑफ'.

ही सगळी क्रियापदे फळ्याच्या उजव्या बाजूला लिहिली आणि डाव्या बाजूला महाडच्या घटना. मग मुलांना म्हटले, प्रत्येक घटनेला तिचे क्रियापद शोधून द्या.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी ओंजळ बुडवू शकले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार असल्याची हूल उठली. मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले सैनिक होते, प्रतिकार कसा करतात हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. येथे वर्गाने एकमुखाने सांगितले : 'होल्ड बॅक'. ही टोल्ड देम टू होल्ड बॅक. बरोबर.

पुढे गावातील सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्याच तारखेला चार वर्षे पूर्ण झाली होती. 'बॅक डाऊन' कोणी केले, असे मी विचारताच मागच्या बाकावरून आवाज आला, "नगरपालिकेने!" भूमिका जाहीर होती, विरोध झाला, भूमिका सोडली. तीनही अटी पूर्ण. 'द म्युनिसिपॅलिटी बॅक्ड डाऊन' म्हणा किंवा 'वेंट बॅक ऑन इट्स रेझोल्यूशन' म्हणा, दोन्ही शोभते. मला वाटते, महाडच्या इतिहासात हे क्रियापद ज्याला वापरावे असा खरा कर्ता हाच आहे. तो आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसा ठळकपणे येत नाही.

आता डिसेंबर. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरपासून पुन्हा सत्याग्रह जाहीर केला होता. १२ डिसेंबरला काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे जाण्याचा हक्क नाही. १४ तारखेला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला जागा द्यायला गावात कोणी तयार नव्हते, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. बाबासाहेब बोटीने दासगावला उतरून महाडला आले. पनवेल-पेणवरून महाडला जाताना लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते, त्यापुढे दासगाव. आपली सहल तेथून जाते तेव्हा बसमधली मुले बहुधा झोपलेली असतात. २५ च्या रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. आणि मग प्रश्न उभा राहिला : तळ्यावर जायचे की न जायचे?

आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रसंग घाईने ओलांडलेला असतो. दहनाच्या ज्वालेपुढे तो फिका वाटतो. मला मात्र तो फार अवघड आणि म्हणून फार मोलाचा वाटतो. जमलेल्या हजारो माणसांनी तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून नावे नोंदवली होती. कित्येक जण पदरचे पैसे मोडून, भाकरी बांधून पायी आले होते. जिल्ह्याचे कलेक्टर परिषदेत येऊन, न्यायालयाचा हुकूम मोडू नका असे सांगून गेले. माणसे म्हणत होती, होऊ द्या काय व्हायचे ते. अशा जमावाला पुढे नेणे सोपे असते. त्याला थांबवणे, तेही स्वतःच बोलावून आणलेल्या जमावाला, हे नेत्याच्या सर्व पुण्याईची कसोटी पाहणारे असते. बाबासाहेबांनी २७ डिसेंबरला त्यांना समजावले. आपला झगडा तळे अडवणाऱ्यांशी आहे, सरकारशी नव्हे. न्यायालयाचा हुकूम मोडला तर सरकार अडवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहील आणि आपण एकाच वेळी दोघांशी लढू. शिवाय तळे सार्वजनिक आहे हे कोर्टात सिद्ध करता येईल. परिषदेने, खटल्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करावा असे ठरवले. त्यानंतर मिरवणूक निघाली. ती तळ्यापर्यंत गेली, तळ्याला वळसा घालून शिस्तीत परतली. कोणीही पाण्याला हात लावला नाही.

वर्ग शांत होता. मी विचारले, दावा सुटला काय? एका मुलाने मान हलवली : नाही. मग शिडीवरून कोण उतरले? कोणी नाही. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, पण हे आपण आज म्हणतो. त्या दिवशी तळ्यावरून परत येणाऱ्यांना काय वाटले असेल?"

मला याचे तयार उत्तर नव्हते. मी तिला सांगितले ते असे : त्या दिवशी कोणते क्रियापद खरे, हे त्या दिवशी ठरत नाही. 'पुट ऑफ' आणि 'बॅक डाऊन' त्या संध्याकाळी बाहेरून अगदी सारखेच दिसतात. फरक पुढच्या दिवसांत कळतो. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो तात्पुरता मनाई हुकूम उठला, पण मूळ दावा चालू राहिला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने वादींच्या विरुद्ध निकाल दिला. वादी अपिलात गेले, १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने ते फेटाळले. ठाणे म्हणजे खाडीच्या अंगाने आपले शेजारीच, तेथे आपली मुले आज स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांना जातात. वादी पुन्हा उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या खटल्यात अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. तहकुबीपासून निकालापर्यंत नऊ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मधल्या काळात प्रतिवादी क्रमांक एक गोलमेज परिषदांना जाऊन आले, पण महाडचे कागद त्यांनी हातचे सोडले नाहीत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे मत असे की डिसेंबर १९२७ ला सर्वांत नेमके क्रियापद 'फॉल बॅक' हे आहे. तळ्याच्या पायऱ्यांवरची रेषा सोडून ते न्यायालयाच्या रेषेवर जाऊन उभे राहिले. 'पुट ऑफ' हेही चुकीचे नाही, पण त्यात जागा बदलल्याचे कळत नाही.

आम्ही येथे थांबलो असतो तर धडा सोपा झाला असता. परंतु एका मुलाने विचारले, "सर, मग पुणे करार?"

अनेकदा आपण अशा प्रश्नाला रागावतो. रागावू नये. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, त्यासाठी बाबासाहेब गोलमेज परिषदेत झगडले होते. २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांत प्रांतिक विधिमंडळांच्या १४८ राखीव जागा आल्या. शब्दकोशाच्या अटी लावल्या तर भूमिका जाहीर होती, दबाव होता, आणि मूळ मागणी सुटली. 'बॅक डाऊन' लिहिणाऱ्याला मी येथे शून्य देऊ शकत नाही. पण पूर्ण गुणही देणार नाही. कारण या क्रियापदात एक गृहीत दडलेले आहे, की उतरणाऱ्याची छाती कमी पडली. येथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक प्राण होता, आणि तो गेला असता तर गावोगावच्या वस्त्यांवर काय कोसळले असते हे बाबासाहेबांना दिसत होते. इंग्रजीत याला 'गिव्ह वे' असा शब्द आहे, भाराखाली वाट देणे. 'गिव्ह इन' म्हणजे शरण जाणे, ते येथे लागत नाही, कारण सही करतानाही त्यांनी जागा वाढवून घेतल्या. आणि त्या कराराविषयी स्वतःची कडवट नाराजी त्यांनी लपवली नाही, १९४५ च्या आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. कोणत्या क्रियापदाने लिहायचे, हे मुलांनी मोठे होऊन मूळ कागद वाचून ठरवावे. मी 'गिव्ह वे'वर बोट ठेवले आहे, एवढेच.

काळाराम मंदिराचे उदाहरण मात्र लवकर आटोपते. २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकचा सत्याग्रह अनेक वर्षे चालून थांबवण्यात आला, तो 'कॉल ऑफ'. पुजाऱ्यांच्या लाठ्यांनी तो थांबला नाही. शक्ती कोठे खर्च करायची याचा विचार बदलला. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा ऐकल्यावर, ज्या दारातून आत जायचे होते ते दारच मागे टाकले गेले हे उघड झाले.

'डाऊन' हा शब्द मात्र मुलांच्या ध्यानात कायमचा राहिला तो १९५१ मुळे. हिंदू कोड बिल कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी संसदेत लावून धरले होते. विवाह, घटस्फोट, वारसा यांत स्त्रियांना हक्क देणारे ते विधेयक. कट्टर विरोधापुढे सरकारने ते बाजूला सारले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. एका वाक्यात हे इंग्रजीत असे मांडता येते : 'द गव्हर्नमेंट बॅक्ड डाऊन, डॉ. आंबेडकर स्टेप्ड डाऊन.' 'स्टेप डाऊन' म्हणजे पायउतार होणे. दोन्हीकडे 'डाऊन', दोन्हीकडे खाली येणे. पण सरकार खाली आले ते खुर्ची राखण्यासाठी भूमिका सोडून, आणि बाबासाहेब खाली आले ते भूमिका राखण्यासाठी खुर्ची सोडून. फळ्यावर हे वाक्य मी चार दिवस पुसू दिले नाही.

माझ्या पिढीला 'बॅक डाऊन' शिकवण्यासाठी शब्दकोशाची गरज पडली नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या आणि सरकारने ठराव बासनात ठेवला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. घरी रोज संध्याकाळी वडील रेडिओला कान लावून बसत आणि बातम्या संपल्या की काही न बोलता तो बंद करीत. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागले, तोवर माझे शिक्षण संपत आले होते. तेही नामांतर नव्हे, 'नामविस्तार'. सरकारच्या बाजूने हे 'बॅक डाऊन' म्हणायचे की 'बॅक आउट'? दिलेल्या शब्दातून अंग काढले म्हणून 'बॅक आउट' आणि विरोधाला भिऊन काढले म्हणून 'बॅक डाऊन'. येथे दोन्ही लागू पडतात, मुलांनी कोणतेही लिहावे.

जाता जाता एका शब्दाचा खुलासा. आपल्या शिबिरांच्या इंग्रजी पत्रकावर 'रिट्रीट' असा शब्द छापलेला असतो. एका पालकांनी मला विचारले होते, "सर, माघार घ्यायचे शिबिर म्हणजे काय?" 'रिट्रीट'चा लॅटिन मूळ अर्थ मागे ओढून घेणे. गलबल्यातून मन काढून घेऊन काही दिवस एकांतात, ध्यानात, अभ्यासात राहणे असाही त्याचा अर्थ झाला. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहतात, त्या वर्षावासालाही इंग्रजीत 'रेन्स रिट्रीट' म्हणतात. तेथे माघारीचा संबंध नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागालाही कोणी संसारातून घेतलेली माघार म्हणते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याची कथा निराळी सांगितली आहे : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव बहुमताने केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्त करण्याची धमकी आली, तेव्हा शिक्षा आपल्या एकट्याला व्हावी म्हणून त्यांनी परिव्रज्या पत्करली. पाली भाषेत घर सोडण्याला 'पब्बज्जा' म्हणतात, त्याचा अर्थ मागे जाणे असा नसून बाहेर पुढे निघणे असा आहे. पाण्यावरूनच निघालेली ती गोष्ट महाडच्या धड्याला जोडून सांगितली तेव्हा सिद्धार्थाला 'बॅक डाऊन' लावावे असे वर्गात एकालाही वाटले नाही.

आठवड्याच्या शेवटी त्या मुलीने आपले वाक्य खोडून नवे लिहून आणले. 'इन डिसेंबर १९२७ डॉ. आंबेडकर पुटेड ऑफ द सत्याग्रह, बट ही डिड नॉट बॅक डाऊन. द म्युनिसिपॅलिटी डिड.' शेवटची तीन शब्दांची पुस्ती तिची स्वतःची होती, ती मी शिकवलेली नव्हती. 'पुट'चा भूतकाळ 'पुट'च राहतो, 'पुटेड' होत नाही. अर्धा गुण कापला आणि वही मुख्याध्यापकांना दाखवायला घेऊन गेलो.